कापूस वाचता येतो, ज्वारी वाचता येत नाही

मागच्या पावसाळ्यात एका गावच्या बैठकीत हे पत्रक वाचायची वेळ आली. पद्धत जुनीच आहे. गावात दहा-बारा अंक जातात, त्यांतला एक पारावर मोठ्याने वाचला जातो, आणि वाचायला शाळेतल्या एखाद्या पोराला उभे करतात. म्हाताऱ्यांचे डोळे अधू झालेले असतात, पोराचेही चार लोकांत कौतुक होते. त्या दिवशी सातवीतला एक मुलगा उभा राहिला. अंक हातात घेतला, पहिल्या ओळीकडे पाहिले, घसा खाकरला आणि नुसताच उभा राहिला. मागून कोणी तरी हसले. बापाने आवाज दिला, ‘काहून गप आहे बे? सात वर्षं शाळेत काय गोटे वेचले का?’ मुलाने अंक शेजारच्याच्या हातात दिला आणि तो अंधारात निघून गेला. बाप आम्हाला म्हणाला, ‘भाऊ, त्याच्या डोक्यात शेण भरलं आहे. आता त्याले डवऱ्यामागेच लावतो.’

आम्ही त्या गावी मुक्कामाला होतो. सकाळी मुलगा गोठ्यापाशी भेटला. तोच अंक घेऊन त्याच्याशेजारी बसलो आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेलो. ‘कापूस’ त्याने वाचला. ‘भाव’ वाचला. ‘पाऊस’, ‘बाजार’, ‘सरकार’ हेही अडखळत वाचले. ‘ज्वारी’ आली आणि गाडी थांबली. अर्धा ज त्याला दिसत होता, त्याचे करायचे काय ते ठाऊक नव्हते. पुढे ‘कर्ज’, ‘व्याज’, ‘क्विंटल’ या तिन्ही ठिकाणी तेच झाले. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दाकडे तर त्याने पाहिलेच नाही, डोळे खालच्या ओळीवर नेले.

म्हणजे पोराला वाचता येत नाही हे खरे नव्हते. त्याला अक्षरे येत होती, काना-मात्रा-वेलांटी येत होती. जोडाक्षर आणि रफार येत नव्हते. बापाच्या शेतातल्या दोन पिकांपैकी एकाचे नाव त्याला वाचता येत होते, दुसऱ्याचे येत नव्हते. हे कळायला वीस मिनिटे लागली. सात वर्षांत ही वीस मिनिटे त्याच्याजवळ कोणी बसले नव्हते. त्याने नक्कल करून, शेजाऱ्याच्या वहीत पाहून, कविता पाठ म्हणून सात इयत्ता काढल्या आणि बैठकीत उघडा पडला.

अशी मुले किती आहेत याचा हिशेब देशात झालेला आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून ‘असर’ नावाची पाहणी होते. पाहणी ग्रामीण भागातली असते आणि शाळेत नव्हे, घरी जाऊन होते. एकेका मुलाला जवळ बसवून एक कागद पुढे ठेवतात. त्यावर अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठपर्यंत पोचते ते लिहून घेतात. २०१८ साली पाचवीतल्या १०० मुलांपैकी ५० मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता आली. कोरोनानंतर, २०२२ साली, ४३. पुन्हा सावरून २०२४ साली ४९. म्हणजे गाडी जेमतेम जुन्या जागी आली, आणि ती जुनी जागाही निम्म्यावरच होती. आठवीतली चारातल्या एकाहून जास्त मुले ती गोष्ट वाचू शकत नाहीत. महाराष्ट्राचे आकडे देशाच्या सरासरीपेक्षा बरे असतात, असे सांगून अधिकारी मोकळे होतात. पण सरासरी म्हणजे काय ते कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. तालुक्यात सरासरी पाऊस पडला म्हणून आपल्या शिवारात पडला असे होत नाही.

ही अवस्था होते कशी, ते समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यातले बहुतेक जण दोष मास्तरांना तरी देतात, नाहीतर पोराच्या डोक्याला.

आम्ही शेतकी कॉलेजात खतांच्या मात्रा शिकलो. हेक्टरी इतके नत्र, इतके स्फुरद, इतके पालाश. कागदावर हेक्टर म्हणजे हेक्टर. शेतात उतरल्यावर कळले की बरड जमीन आणि काळी कसदार जमीन एकाच बांधाला लागून असतात आणि दोघींना तीच मात्रा दिली तर एकीकडे खत वाया जाते, दुसरीकडे पीक. म्हणून माती परीक्षण आले. शाळेत अजून ते आलेले नाही. पाचवीच्या वर्गात तीस मुले असतील तर दहांना पाचवीचे पुस्तक झेपते, दहा दुसरी-तिसरीच्या पायरीवर असतात आणि उरलेली शब्दांतच अडकलेली असतात. मास्तरांच्या हाती पुस्तक एकच, पाचवीचे. ते मार्चपर्यंत संपवायचे बंधन. खेड्यातल्या शाळेत तर बऱ्याचदा दोन मास्तर आणि चार-पाच वर्ग. त्यांतला एक मतदारयादीच्या कामावर गेला की बघायलाच नको. मास्तर पुढच्या दहांकडे पाहून शिकवतात, कारण उत्तर तिथूनच येते. मागे बसलेला मुलगा त्रास देत नाही, गप्प राहतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

कापूस उगवून आला की आठ-दहा दिवसांत आपण तासातासाने फिरून नांगे भरतो. बी उगवले नाही तिथे लगेच पुन्हा टोबतो. महिन्याने भरलेला नांगा कामाचा नसतो, शेजारची झाडे पसरलेली असतात, ते रोप दिवाळीपर्यंत वीतभरच राहते. शाळेतले नांगे पहिली-दुसरीत पडतात आणि ते पाहायला कोणी फिरत नाही. २०२० साली पहिलीत नाव घातलेल्या मुलांचे तर पेरणीचे दिवसच गेले. आपल्याकडच्या खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले, तोवर ही मुले कागदोपत्री दुसरीत होती आणि बाराखडी त्यांनी फळ्यावर पाहिलेली नव्हती. तरीही झाडाची उपमा इथे पुरती लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. उशिरा टोबलेले कापसाचे रोप सावरत नाही. मूल सातवीतही सावरते.

यावर आपल्या गावागावांत एकच औषध सांगितले जाते: नापास करा. आठवीपर्यंत नापास करायचे नाही या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलमाने पोरे बिघडली, असे आमच्या बैठकांतही टाळ्या घेऊन बोलतात. २०१९ साली तो कायदा बदलला, आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी आणि आठवीला परीक्षा, फेरपरीक्षा आणि नापासाची तरतूद केली. आम्हाला यात फारसे हाती लागेल असे वाटत नाही. बी का उगवले नाही ते न पाहता त्याच थैलीतले बी त्याच कोरड्या जमिनीत दुबार पेरणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. ज्या मुलाला रफार येत नाही त्याला पाचवीचे तेच पुस्तक आणखी एक वर्ष दिल्याने रफार येत नाही. त्याची लाज मात्र वाढते, आणि मुलगी असेल तर तिची शाळा तिथेच संपते.

काय केल्याने फरक पडतो, हेही आता अंदाजाचे राहिलेले नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत एक प्रयोग झाला. तिसरी-चौथीतली मागे राहिलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वर्गातून वेगळी काढायची आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुण मुलीने त्यांना पहिली-दुसरीत राहून गेलेले वाचन आणि हिशेब शिकवायचे. या मुलींना ‘बालसखी’ म्हणत. त्या डी.एड. झालेल्या नव्हत्या. खर्च तेव्हाच्या हिशेबाने एका मुलामागे वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास आला. प्रयोग असलेल्या आणि नसलेल्या शाळांची तुलना अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मागची मुले स्पष्टपणे पुढे गेली. आणि एक गोष्ट आमच्या मते याहून महत्त्वाची आढळली. वीस मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्या मुलांच्या शिकण्यात त्यामुळे फरक दिसला नाही. म्हणजे नुसती वर्गातली डोकी कमी करून भागत नाही. मूल ज्या पायरीवर उभे आहे तिथून त्याला उचलावे लागते.

पुढे बिहारमध्ये शाळांना नुसते नवे साहित्य वाटून पाहिले, त्याने काही झाले नाही. हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शाळांतल्याच मास्तरांनी दिवसातला एक तास वेगळा काढला, त्या तासापुरत्या इयत्ता मोडल्या, मुलांना त्यांच्या वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवले आणि वरचे अधिकारी खरोखर येऊन पाहत राहिले. तिथे वाचन सुधारले. मास्तर तेच, मुले तीच, पगार तोच. २०१९ साली बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात या प्रयोगांचाही वाटा होता. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत तो एक तास सुरू झाला, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते तपासावे.

आता आमच्यासारख्या बैठका घेणाऱ्यांना झोंबणारी गोष्ट. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली गावोगाव सभा घेतल्या. तुमच्या शाळेची अवस्था अशी, शिक्षण समितीचे अधिकार असे, असे लोकांना सांगितले. काही गावांत गावकऱ्यांनाच कागद देऊन मुले तपासायला लावली आणि निकाल सभेत वाचून दाखवले. लोक आले, बोलले, माना डोलावल्या. नंतर शाळेत मोजायला गेले तर शिकणे जिथल्या तिथे. जिथे गावातल्या तरुणांनी प्रशिक्षण घेऊन स्वतः वाचनाचे वर्ग चालवले, तिथे मात्र त्या वर्गांना आलेली मुले वाचनात पुढे सरकली. पण तिथेही अडचण राहिली. शाळेबाहेरच्या त्या वर्गांना फार थोडी मुले आली, आणि ज्यांना एकही अक्षर येत नव्हते त्यांच्यातलीही बहुतेक आलीच नाहीत. जे मूल शाळेत लाजून मागे बसते ते संध्याकाळी देवळात कशाला येईल?

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. सभेने मूल वाचत नाही. आणि हे काम शाळेच्या वेळेतच, शाळेच्या छपराखालीच झाले पाहिजे, गावातल्या तरुणांचा हात त्याला लागावा.

त्यासाठी नवा कायदा मागायला नको. शिक्षण हक्क कायद्याचे २४ वे कलम काढा, त्याचे पहिले पोटकलम, त्यातला चौथा मुद्दा. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहणे आणि लागेल तिथे त्याला जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. प्रत्येक मुलाची, वर्गाची नव्हे. २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. त्या समितीवर आपल्यातले शेकडो लोक आहेत. ते कशावर सह्या करतात? पोषण आहाराच्या तांदळावर, खोलीच्या रंगकामावर आणि झेंडावंदनाच्या मंडपावर. ‘आमच्या शाळेतल्या चौथीच्या किती पोरांना दुसरीची गोष्ट वाचता येते’ हा प्रश्न समितीच्या वहीत लिहिलेला आम्ही अजून पाहिलेला नाही. २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीचे काम आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. मास्तरांवर भलती कामे लादली गेली तर समितीने मास्तरांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. भांडण मास्तरांशी नाही. ज्या मास्तरांशी आम्ही बोललो त्यांतल्या बऱ्याच जणांना मागच्या बाकावरची पोरे माहीत आहेत, त्यांची नावेही ते घडाघडा सांगतात. त्यांना तो एक तास सोडवून हवा आहे.

गटात बसवूनही काही मुले हलत नाहीत. तिथे एकेकाजवळ बसावेच लागते. आधी डोळे तपासा. फळा दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली मुले आम्ही पाहिली आहेत. चष्म्याने प्रश्न सुटला. मग कान. मग घरची बोली. तांड्यावरच्या मुलाची गोरमाटी, पोडावरच्या मुलाची कोलामी. त्याला पुस्तकातला शब्द वाचता आला तरी अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागत नाही म्हणून पुढचा शब्द सुचत नाही. आपल्या वऱ्हाडी पोराचेही तेच. पुस्तकात ‘डोळा’ असतो, पोरगा ‘डोया’ वाचतो आणि छडी खातो. त्याने तर बरोबर वाचलेले असते! अक्षर ओळखून त्याने ते आपल्या आईच्या तोंडचे केले.

आणि काही मुलांना अक्षरे खरोखरच जागेवर राहत नाहीत. डोके तल्लख असते, तोंडी हिशेब चोख असतो, पण वाचन होत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला अशा मुलांना १९९६ पासून सवलती मिळतात, जादा वेळ मिळतो. पण त्यासाठी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी मोठ्या दवाखान्याच्या चकरा माराव्या लागतात. शहरातल्या मुलाला दाखला मिळतो. आपल्या मुलाला त्याच दुखण्यासाठी ‘डोक्यात शेण’ एवढेच निदान मिळते.

संघटनेतल्या जुन्या माणसांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. भाव मिळाला की सगळे सुटेल. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की तो पोराला हवी ती शिकवणी लावील. मास्तरकी करायला आपण संघटना काढलेली नाही. भावाच्या मागणीत आम्ही तसूभर मागे नाही. वेचणीला मजूर परवडत नाही म्हणून दिवाळीनंतर आपणच पोरांना शाळेतून काढून ओटी बांधतो, आणि त्याच दोन महिन्यांत मूल मागे पडते, हाही भावाचाच हिशेब आहे. तो सरकारच्या नावावर लिहावा, पण त्यातले चार पैसे आपल्याही नावावर लिहावेत. कापसाचा भाव या हंगामात गेला तर पुढच्या हंगामात भांडता येते. पोराची दुसरी एकदाच येते. आणि ही मागणी चळवळीबाहेरची तर मुळीच नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात शेतकऱ्याच्या कष्टातून उभा राहणारा सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या पोरांना अक्षरही मिळत नाही, हीच तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. सक्ती आली, शाळा आली, खिचडी आली. अक्षर अर्ध्यांनाच आले.

पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत काय करायचे ते ठरले आहे. प्रत्येक गावातल्या दोघांनी, त्यांतली एक बाई असावी, तिसरी ते सातवीच्या मुलांजवळ एकेक करून बसायचे. पाच मिनिटे पुरतात. दहा अक्षरे, दहा साधे शब्द, चार ओळींचा उतारा, एक छोटी गोष्ट. दुसरीच्या पुस्तकातून काढली तरी चालेल. पाहुण्यांसमोर किंवा बापासमोर वाचायला लावू नका, त्याचा परिणाम वर सांगितला आहे. कुठे अडकते ते लिहा: अक्षरात, काना-मात्रेत, जोडाक्षरात, की सगळे वाचूनही अर्थात. कागदावर मुलांची नावे नकोत, नुसते आकडे. ते आकडे समितीच्या वहीत चढवा आणि ठराव घ्या की शाळेच्या वेळेतला एक तास पायरीप्रमाणे बसवून वाचनाला द्यावा, त्यासाठी गावातल्या बारावी झालेल्या दोन मुली किंवा मुले मदतीला बसतील, आणि दर महिन्याला पुन्हा तपासणी होईल. ठरावाची नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, एक इथे आणा. या मुलामुलींना मानधन कुठून द्यायचे यावर बैठकीत बोलू. फुकट राबवून घेण्याच्या विरोधात आपण आयुष्यभर बोललो, तेव्हा इथेही तो नियम पाळू.

त्या मुलाचे विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून सांगतो. गावातली एक मुलगी, बारावी झालेली, दिवाळीपासून त्याच्यासह आठ जणांना शाळेच्या पडवीत रोज तासभर घेऊन बसते. मास्तरांनी जागा आणि खडू दिले. अर्ध्या अक्षरांचे शब्द तिने घरातूनच शोधले: भाकरीचा ‘पिठल्या’शी मेळ, ‘म्हैस’, ‘उन्हाळा’, ‘ज्वारी’. वेचणीच्या दिवसांत मुलगा तीन आठवडे आला नाही. बापाशी त्यावरून आमचे वाजले. ‘ज्वारी’ आणि ‘कर्ज’ आता तो न थांबता वाचतो. ‘शेतकऱ्यांच्या’ला अजून एकदा अडतो, मग पुन्हा मागे येऊन वाचतो. हा अंक त्या गावी गेला की पारावर उभा राहणार का, ते त्याने अजून सांगितलेले नाही, आणि कोणी त्याला विचारूही नये.